वृद्धांची घरी होणारी देखभाल कुणाच्या वाट्याला येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थकलेल्या, आजारी वृद्ध माणसाला मदत घरीच मिळावी, याबद्दल सरकार, डॉक्टर आणि नातेवाईक या सगळ्यांचं एकमत असतं. ती मदत प्रत्यक्षात कुणाला किती मिळते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. खालचे प्रश्न सेवा शोधणारी कुटुंबं विचारतात, तसेच या विषयावर वाद घालणारेही विचारतात. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

घरी देखभाल म्हणजे नर्स घरी येणं का?

नर्स हा त्यातला छोटा भाग. ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटर बदलणं ही वैद्यकीय कामं झाली. त्याहून कितीतरी जास्त वेळ साध्या कामांना लागतो: अंघोळ घालणं, कपडे घालायला मदत, संडासला नेणं, पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणं, भरवणं, लघवी-शौचावर ताबा नसेल तर स्वच्छता. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये याच सहा गोष्टींवरून माणूस किती परावलंबी झालाय हे मोजायची पद्धत बसवली. ती अजून जगभर वापरात आहे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी आणखी एक यादी केली. तिच्यात फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामं आहेत.

साधारणपणे दुसऱ्या यादीतली कामं आधी सुटतात आणि पहिल्या यादीतली नंतर. पण पुष्कळ योजना पहिल्या यादीतलं काहीतरी सुटल्याशिवाय दाद देत नाहीत. मधली काही वर्षं माणूस औषधांच्या वेळा चुकवत, बिलं भरायची विसरत, अर्धपोटी राहत एकटाच काढतो. ज्याच्या गाठीला पैसा असतो तो या काळात आठवड्यातून दोनदा कुणाला तरी बोलावतो आणि त्याचं पडणं-झडणं टळतं. ज्याच्याकडे नसतो तो पडल्यावरच कागदोपत्री 'पात्र' होतो.

पैसेवाल्यांना मिळते, गरिबांना मिळत नाही. एवढंच ना?

तेही आहेच. वेल्समधल्या एका खाणगावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा बाजारावर जितकी सोडाल तितका हा नियम जास्त लागू पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बोलत होते दवाखान्यांबद्दल. घरच्या देखभालीला ते जास्तच लागू आहे, कारण दवाखान्याबाहेरची रांग निदान दिसते. बंद दाराआड अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठल्याच रांगेत दिसत नाही.

पण जिथे सरकार पैसे देतं तिथेही वाटप सारखं होत नाही, आणि तिथलं कारण फक्त पैसा नसतं. योजना आहे हे कळायला हवं, अर्ज भरता यायला हवा, अधिकाऱ्याची भाषा समजायला हवी, तुमच्या पत्त्यावर यायला कुणी तयार हवं. या सगळ्यांवर मात करणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे वृद्धाच्या बाजूने चिकाटीने बोलणारं माणूस. नकार आला तरी पुन्हा फोन करणारा मुलगा, नियम वाचून काढणारी पुतणी, ओळखीची समाजसेविका. असं माणूस पाठीशी असलेल्या गरीब आजींना सेवा मिळून जाते. पेन्शन बरी असलेले पण एकटे, कानाने कमी ऐकणारे आजोबा तसेच राहतात. या पानावरची बहुतेक उत्तरं या एका मुद्द्याभोवती फिरतात.

खरी गरज असेल तर माणूस मागेलच ना?

योजना आखणाऱ्यांची ही सगळ्यात आवडती समजूत आहे आणि सगळ्यात महागात पडणारी.

न मागण्याची कारणं बघा. काहींना अशी सेवा असते हेच ठाऊक नसतं. काहींना परक्या माणसाने अंघोळ घालावी याची लाज वाटते. काहींना भीती असते की अडचण सांगितली तर आपल्याला उचलून वृद्धाश्रमात टाकतील. काहींना मुलांची बदनामी नको असते: 'मदत मागितली म्हणजे पोरं बघत नाहीत असं लोक म्हणतील.' डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला आपलं काही बिघडलंय हे बऱ्याचदा कळतच नाही, मग तो मागणार कसा? नैराश्य असेल तर मागायला लागणारी उमेदच उरलेली नसते. म्हणजे ज्यांची गरज सर्वांत मोठी, नेमकी त्यांचीच मागायची ताकद सर्वांत कमी.

पुढचा घोळ कार्यालयात होतो. एखाद्या भागातून अर्ज कमी आले की तिथे गरजच कमी आहे असा निष्कर्ष निघतो. मग पैसे कमी, माणसं कमी, आणि पुढच्या वर्षी अर्ज आणखी कमी. जिथून तक्रारी येतात, जिथले लोक लिहून विचारतात, तिथे तरतूद वाढते.

डेन्मार्कने यावर एक सरळ तोडगा काढला. १९९६ पासून तिथल्या नगरपालिकांवर बंधन आलं की ठरावीक वय ओलांडलेल्या नागरिकांना, त्यांनी काही मागितलेलं नसलं तरी, घरी येऊन भेटण्याची तयारी दाखवायची. नंतर वय आणि वारंवारता यांत बदल होत गेले, पण कल्पना टिकली: कार्यालयाने वाट बघत बसायचं नाही, आपण होऊन दार वाजवायचं. नको म्हणायचा हक्क वृद्धाला आहेच.

तपासणीला अधिकारी आले की आमची आई 'मी अगदी ठीक आहे' म्हणते. काय करायचं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. पाहुणे येणार म्हणून आई सकाळीच तयार होऊन बसते, नीट बोलते, 'सगळं माझं मीच करते' म्हणते, आणि तासाभराच्या त्या भेटीवर पुढच्या वर्षभराचे मदतीचे तास ठरतात. अभिमानी माणसाला कमी गुण, म्हणजे कमी मदत. कुरकुर करणाऱ्याला जास्त.

करता येण्यासारखं बरंच आहे. भेटीआधीचे दोन आठवडे एक वही ठेवा. कितीदा पडली, रात्री कितीदा उठवावं लागलं, कोणती गोळी चुकली, गॅस कितीदा चालू राहिला, तारीख-वेळेसकट लिहा. 'जमतं का?' या प्रश्नाचं उत्तर देताना चार गोष्टी पाहा: कुणाच्या मदतीशिवाय जमतं का, धोका न पत्करता जमतं का, वेळेत होतं का, आणि रोज जमतं का. कपडे घालायला पाऊण तास लागत असेल तर ते 'जमतं' या रकान्यात बसत नाही. चांगल्या दिवसाबरोबर वाईट दिवसाचंही वर्णन करा. आईसमोर बोलणं तिला अपमानाचं वाटणार असेल तर अधिकाऱ्याशी वेगळं बोलायची वेळ मागून घ्या. ती मागितली तर बहुधा मिळते.

मोजमापाच्या पद्धतीतही पक्षपात असू शकतो, हे ध्यानात ठेवा. जर्मनीत १९९५ पासून देखभालीचा सक्तीचा विमा आहे. तिथली जुनी मोजणी शरीराच्या असमर्थतेवर भर देणारी होती. हातपाय धड पण डोकं साथ देत नाही अशा डिमेन्शियाच्या रुग्णांना त्यात फारच कमी मिळायचं. त्यांच्यावर तर दिवसभर लक्ष ठेवावं लागतं. २०१७ मध्ये तीन पातळ्यांच्या जागी पाच श्रेणी आणल्या आणि स्मरण, वागणूक या गोष्टी मोजणीत घेतल्या. यात बावीस वर्षं गेली.

जपानमध्ये आधी प्रश्नावलीतली उत्तरं संगणकात जातात, मग डॉक्टरांचं मत धरून समिती सातपैकी एक पातळी ठरवते. संगणक आहे, पण शेवटचा शब्द माणसांचा. अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्याने २०१६ मध्ये उलट केलं. आधी नर्स आपल्या अंदाजाने तास ठरवायच्या, त्यांच्या जागी सूत्र आणलं. अनेकांचे तास एकदम घटले आणि का घटले हे कुणाला सांगता येईना. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये ती पद्धत थांबवावी लागली. सूत्राचा फायदा हा की ते अभिमानी आणि कुरकुऱ्या यांत फरक करत नाही. तोटा हा की त्याच्याशी वाद घालता येत नाही.

घरात मुलगी किंवा सून असताना बाहेरच्या सेवेची गरज काय?

हा प्रश्न विचारणारा बहुधा स्वतः ती मुलगी किंवा सून नसतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात रोज १,६४० कोटी तास बिनपगारी देखभालीत जातात. यात मुलांचं संगोपन आणि घरकामही धरलंय. त्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त, म्हणजे ७६.२ टक्के वाटा बायकांचा आहे. एखाद्या सरकारने 'घरचे आहेत ना' असं म्हणून सेवा नाकारली की खर्च वाचत नाही, तो फक्त एका बाईच्या नोकरीवर, पगारावर आणि पुढच्या पेन्शनवर सरकतो. पन्नाशीत नोकरी सोडलेली ही बाई सत्तरीत पोचते तेव्हा तिच्या हातात स्वतःची सेवा विकत घ्यायला पैसे नसतात. वर बायका जगतातही जास्त. नवऱ्याची सेवा त्यांनी केलेली असते, त्यांच्या वेळी घरात दुसरं कुणी उरलेलं नसतं.

देशादेशांचे नियम इथे फार वेगळे आहेत, आणि नीट पाहिलं तर त्या त्या समाजाचा स्वभावच त्यात उघडा पडतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर कायद्यानुसार गरज मोजताना घरचं कुणी करतंय की नाही हे बाजूला ठेवायचं असतं. आधी गरज किती ते ठरवायचं, घरच्यांचा वाटा मग वजा करायचा, तोही त्यांची तयारी असेल तरच. शिवाय सांभाळणाऱ्या नातेवाइकाला स्वतःच्या गरजांचं वेगळं मूल्यमापन मागता येतं. नेदरलँड्समध्ये २०१५ च्या बदलांनंतर पालिकेचा माणूस घरी येऊन आधी हेच विचारतो की तुम्ही स्वतः, घरचे, शेजारी मिळून काय काय करू शकता. कानाला ते चांगलं लागतं. पण ज्याच्याभोवती गोतावळा आहे आणि जो मनमोकळा 'हो, करू की' म्हणतो, त्याच्याच वाट्याचे तास कापले जाऊ शकतात.

एक इशारा: 'मी बघते सगळं' असं अधिकाऱ्यासमोर सहज बोलू नका. पाच वर्षं रोज करता येईल तेवढंच कबूल करा.

मग घरच्यांनाच रोख रक्कम दिली तर?

जर्मनीत तसा पर्याय आहे: सेवा घ्या किंवा रोख घ्या. रोख रक्कम सेवेच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते, तरी खूप कुटुंबं तीच घेतात. कमी उत्पन्नाच्या घरात ती रक्कम मोठी वाटते, म्हणून तिथली बाई घरी राहते. बऱ्या पगाराच्या घरात सेवा घेतात आणि बाई कामावर जाते. पर्याय सगळ्यांना सारखाच दिलाय, निवड मात्र परिस्थितीच करते.

जपानने २००० मध्ये आपला देखभाल विमा सुरू करताना रोख नाकारली. तिथल्या महिला संघटनांचं म्हणणं होतं की पैसे हातात ठेवले की सासू-सासऱ्यांची सेवा सुनेच्याच गळ्यात कायमची पडेल. मला हा युक्तिवाद पटतो. मात्र जिथे पाठवायला सेवकच नाहीत तिथे त्याचा उपयोग नाही. सेवा नसलेल्या गावात रोखही नाकारणं म्हणजे दोन्हीकडून हात आखडणं.

आम्ही श्रीमंत नाही आणि गरीबही ठरत नाही. आमचं काय?

उत्पन्न-मालमत्तेची अट असलेल्या प्रत्येक व्यवस्थेत हा मधला गट अडकतो. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त बचत असेल तर साधारणपणे पूर्ण खर्च स्वतःचा. हा आकडा २०१० पासून तसाच आहे, महागाई मात्र थांबलेली नाही. म्हणजे कायदा न बदलताही दरवर्षी काही लोक मदतीबाहेर ढकलले जातात. आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घालायचं वचनही तिथे पुन्हा पुन्हा दिलं गेलं, पुढे ढकललं गेलं आणि २०२४ मध्ये सोडून दिलं गेलं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००२ पासून पासष्टीपुढच्यांना अंघोळ-कपड्यांसारखी वैयक्तिक देखभाल मोफत आहे, उत्पन्न न विचारता. एकाच बेटावर, सीमा ओलांडली की नियम वेगळा.

मोफत म्हटलं की प्रश्न मिटत नाही. पैशांची अट काढली की तिची जागा वाट पाहणं घेतं.

प्रतीक्षायादी एवढी मोठी गोष्ट आहे का? उशिरा का होईना, मिळतं ना?

तरुणाला सहा महिने थांबणं परवडतं. ८७ वर्षांच्या माणसाला परवडत नाही.

ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१९ च्या अंतरिम अहवालात नोंदवलं की जून २०१८ अखेरच्या एका वर्षात घरच्या देखभालीचं पॅकेज मिळायची वाट बघत १६,००० हून अधिक लोक वारले. हे अर्ज नाकारलेले लोक नव्हते. तपासणी झालेले, पात्र ठरलेले, यादीत नाव लागलेले होते.

यादी सगळ्यांना सारखीच लांब दिसते, पण थांबायची ऐपत सारखी नसते. पैसे असलेला मधल्या काळात ब्युरोमार्फत बाई ठेवतो. ज्याला ते शक्य नाही त्याच्या घरात मुलगी रजा टाकते, रजा संपतात, मग नोकरी जाते. घरात कुणीच नसेल तर तो माणूस हॉस्पिटलमध्ये पोचतो, आणि डिस्चार्ज द्यायची वेळ आली तरी घरी बघायला कुणी नाही म्हणून खाट अडवून बसल्याचा ठपका त्याच्यावर येतो.

घरी ठेवणं स्वस्त असतं म्हणतात. मग संस्थेत जागा लवकर का मिळते?

याचं उत्तर कायद्याच्या बारीक अक्षरात सापडतं. अमेरिकेत गरिबांसाठीची मेडिकेड योजना नर्सिंग होमचा, म्हणजे वृद्धांना ठेवून घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेचा, खर्च उचलते. ते राज्यांवर बंधनकारक आहे. घरच्या देखभालीचा बराचसा भाग मात्र १९८१ पासून नेहमीच्या नियमांतून सूट ('वेव्हर') घेण्याच्या वाटेने आला, आणि त्या वाटेत किती लोकांना घ्यायचं याची मर्यादा राज्य ठरवू शकतं. नर्सिंग होम हा हक्क, घर ही मर्जी. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना तर दीर्घकाळाच्या साध्या वैयक्तिक देखभालीचे पैसे देतच नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना गरज पडल्यावर कळते. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात सांगितलं की समाजात राहू शकणाऱ्या अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. निकाल महत्त्वाचा होता. याद्या तरीही उरल्या.

'स्वस्त' या शब्दाबद्दलही एक शंका आहे. घरची देखभाल स्वस्त दिसते तेव्हा घरच्यांचे रात्रीचे तास बहुधा शून्य रुपयांनी धरलेले असतात.

दूरच्या गावात राहणाऱ्यांना सेवा का मिळत नाही? पैसे द्यायला तयार असूनही?

कारण सेविकेचा जायचा-यायचा वेळ. शहरात एक बाई सकाळभरात पाच घरं करते. विरळ वस्तीत दोनच होतात, मधला वेळ रस्त्यावर जातो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. दर भेटीवर ठरलेला असेल तर कंपनी दूरचं घर घेतच नाही, घेतलं तर पहिल्या अडचणीला सोडते. तरुण माणसं गावातून निघून गेलेली असतात. त्यामुळे वृद्धांचं प्रमाण तिथे जास्त आणि सेवा करणारे हात कमी. अंतराचा वेगळा मोबदला ठरवणं आणि गावातल्याच माणसाला शिकवून कामावर घेणं, हे दोनच उपाय टिकाऊ दिसतात.

भाषेचा काय संबंध? अंघोळ घालायला भाषा लागते का?

लागते. 'पाणी गरम आहे', 'इथे दुखतं', 'दार लावून घे' हे सांगता आलं पाहिजे. डिमेन्शियात तर उशिरा शिकलेली भाषा आधी पुसली जाऊ शकते आणि माणूस लहानपणच्या भाषेवर परततो. स्वीडनमध्ये २०१० पासूनच्या अल्पसंख्याक कायद्यानुसार ठरावीक भागांत फिनिश, सामी आणि मेएनकिएली बोलणाऱ्या वृद्धांना त्यांच्या भाषेत देखभाल मागता येते. स्थलांतरितांच्या भाषांना तसा हक्क नाही, आणि म्हातारे होणाऱ्या स्थलांतरितांची संख्या सगळीकडे वाढते आहे.

सेवा देणाऱ्या बायकांबद्दल कुणीच का बोलत नाही?

बोलायला हवं, कारण सेवेतली विषमता इथूनच सुरू होते. हे काम मुख्यतः बायका करतात. श्रीमंत देशांत त्यांतल्या बऱ्याच जणी गरीब देशांतून आलेल्या असतात. इतरांच्या आईवडिलांना सांभाळायला त्या आपले आईवडील मागे ठेवून येतात, आणि त्या मागे राहिलेल्यांना कोण सांभाळतं हे कुठल्याच देशाच्या आकडेवारीत येत नाही.

काम कष्टाचं, कौशल्याचं आणि जोखमीचं आहे. जड माणसाला नीट न उचलल्यास दोघांनाही इजा होते. अंथरुणावरच्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही तर बेडसोर होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. तरीही कायद्याने याला बराच काळ 'सोबत' मानलं. अमेरिकेत १९७४ पासून घरी देखभाल करणाऱ्या बहुसंख्य बायकांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या संरक्षणातून वगळलेलं होतं, कारण त्या 'सोबतीण' धरल्या जात. ही सूट चार दशकं चालली. घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, पण अनेक देशांनी त्यावर मोहोर उठवलेली नाही.

वेळेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटींवर इतकी टीका झाली की आरोग्य आणि देखभालीबद्दल सूचना काढणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, अर्ध्या तासाहून छोटी भेट ओळखीच्या सेविकेने, ठरलेल्या छोट्या कामासाठी आणि मोठ्या सेवेचा भाग म्हणूनच असावी. पंधरा मिनिटांत अंघोळ किंवा जेवण यांपैकी एक होतं. काय सोडायचं हे सेविकेला रोज उंबरठ्यावर ठरवावं लागतं.

नेदरलँड्समधल्या बुर्टझोर्ख या संस्थेने २००६ पासून उलटी रीत चालवली. जास्तीत जास्त बारा जणींचा गट, वर साहेब नाही, कुठल्या घरी किती वेळ द्यायचा ते गटच ठरवतो. माणूस ओळखीचं असलं की काम कमी वेळात होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. दर आठवड्याला नवा चेहरा पाठवणाऱ्या कंपन्यांना हे अजून पटायचं आहे.

कॅमेरे, सेन्सर, ॲप यांनी प्रश्न सुटेल का?

पडल्याची सूचना देणारं घड्याळ उपयोगी आहे. सूचना आल्यावर धावून जाणारं कुणी असेल तर. ज्यांच्याकडे चांगलं नेटवर्क, स्मार्टफोन आणि तो चालवणारं नातवंड आहे त्यांची सोय वाढते. अर्ज फक्त ऑनलाइन घेणं ही मात्र सरळसरळ अडवणूक आहे.

हे सगळे श्रीमंत देशांचे लाड झाले. पैसा नसलेल्या ठिकाणी काय?

पैसा लागतोच, पण सुरुवात पैशाने व्हायला हवी असं नाही. केरळमध्ये कोझिकोड इथे १९९३ मध्ये वेदना आणि उपशामक उपचारांचं काम सुरू झालं. पुढे त्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ मध्ये राज्याने धोरण आखून पंचायतींना त्यात आणलं. नर्स घरोघरी जाते. तिच्यासोबत वस्तीतली प्रशिक्षित माणसं जातात, आणि कुणाच्या घरी कोण अंथरुणावर आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं. अर्जाची वाट न बघता शोधत जायचं, ही डेन्मार्कचीच रीत, फार कमी पैशात.

याची मर्यादाही आहे. स्वयंसेवक भेटायला येतात, रात्री तीन वाजता कूस बदलायला येत नाहीत. रोजच्या, वर्षानुवर्षांच्या देखभालीला पगारी माणूस लागतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचं दशक जाहीर केलं, त्याच्या चार उद्दिष्टांत दीर्घकालीन देखभाल सर्वांना मिळणं हे एक आहे. २०३० मध्ये जगातला दर सहावा माणूस साठीपुढचा असेल. एवढ्या लोकांची सोय सुनांच्या भरवशावर होणार नाही.

अर्ज फेटाळला किंवा तास कमी केले तर?

कारण लेखी मागा. तोंडी नकार हा नकार धरू नका. कुठल्या नियमाखाली, कोणत्या गुणांवर, कोणत्या तारखेच्या तपासणीवरून हे ठरलं ते विचारा. फेरतपासणीची मुदत छोटी असते, म्हणून कागद हातात आल्याच्या दिवशीच ती तारीख लिहून ठेवा. तब्येत बिघडली असेल तर अपिलाच्या बरोबरीने नवी तपासणीही मागा. डॉक्टरांचं पत्र घेताना आजाराच्या नावावर थांबू नका, रोजची कोणती कामं जमत नाहीत तेही लिहून घ्या. 'संधिवात' या शब्दाने तास मिळत नाहीत, 'शर्टाची बटणं लावता येत नाहीत, नळ फिरवता येत नाही' याने मिळू शकतात.

तक्रार केली तर आहे ती सेविकाही काढून घेतील का?

ही भीती इतकी पसरलेली आहे की खूप लोक गैरवर्तन सहन करतात. विशेषतः एकटी राहणारी माणसं, कारण दार उघडायला येणारी ती एकच व्यक्ती असते. तक्रार करताना सेविका आणि सेवा यांत फरक करा. बाई उशिरा येते याचं कारण पुष्कळदा वेळापत्रकात असतं, तिच्यात नसतं, आणि अशी तक्रार तिला विश्वासात घेऊन केली तर तीही साक्ष देते. पैसे गायब होणं, हात उगारणं, उपाशी ठेवणं हा वेगळा विषय आहे. तिथे कंपनीकडे न थांबता थेट सेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे जा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत सेवा चालू ठेवावी' हे वाक्य त्यात लिहाच. वृद्ध व्यक्तीला स्वतः लिहिता येत नसेल तर तिच्या संमतीने शेजाऱ्यानेही लिहिलेलं चालतं का, हे यंत्रणेला आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी चालतं.